स्वरांची थकबाकी

चिंचवड, आकुर्डी, निगडी या भागांतील किराणा दुकानाचे शटर सकाळी वर गेले की पहिले गिऱ्हाईक बहुधा दुधाच्या पिशवीसाठी येते. त्या दुधाच्या जाहिरातीचे गुजराती गीत दुकानदाराला, त्याच्या मुलाला आणि कदाचित नातवालाही ठाऊक असते. प्रीती सागर यांच्या आवाजातील ते गीत मुळात जाहिरातीसाठी तयार झालेले नाही. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ या १९७६ च्या चित्रपटाचे ते शीर्षकगीत आहे. जाहिरातीत ते पुढे आले. गीत घराघरांत पोहोचले. त्याची चाल बांधणारा संगीतकार कोण, हे मात्र शंभरांतील पाच जणांनाही सांगता येईल की नाही, याची शंका वाटते.

त्या संगीतकाराचे नाव वनराज भाटिया. जन्म मुंबईत ३१ मे १९२७ रोजी, मूळच्या कच्छी व्यापारी घराण्यात. विसाव्या शतकात पाश्चात्त्य अभिजात पद्धतीचे वाद्यवृंदसंगीत गांभीर्याने लिहिणारे जे मोजके भारतीय झाले, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्यांच्या ध्वनिमुद्रणांचा आस्वाद कसा घ्यावा आणि त्या आस्वादाबरोबर श्रोत्यावर कोणते देणे येते, याचा हा हिशेब आहे.

व्यापारी घरातील मुलाने संगीत शिकावे, याला त्या काळी कोणाची हरकत नसे. त्यावर पोट भरावे, हे मात्र सहसा कोणाला रुचत नसे. भाटिया यांनी आधी हिंदुस्थानी संगीताचे धडे प्रा. बी. आर. देवधर यांच्या मुंबईतील संगीतविद्यालयात घेतले. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे हे शिष्य आणि कुमार गंधर्वांचे हे गुरू स्वतः पाश्चात्त्य संगीताचेही अभ्यासक होते, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे किशोरवयात रशियन संगीतकार चायकोव्हस्की यांचा पियानो कॉन्चेर्टो कानी पडला आणि मुलाचे मन त्या दिशेने ओढले गेले. चार वर्षे पियानोचे शिक्षण झाले. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १९४९ मध्ये इंग्रजी विषयात एम.ए. झाल्यावर ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाले. तेथील सुवर्णपदक मिळवून ते पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे गेले. एरन कोपलँड, आस्तोर पियाझोला, फिलिप ग्लास असे संगीतकार ज्या बाईंच्या हाताखाली घडले, त्यांच्याकडे या मुंबईकर तरुणाने शिष्यवृत्त्यांच्या आधारावर काही वर्षे काढली.

१९५९ मध्ये ते मायदेशी परतले. आता भांडवल होते, पण बाजारपेठ नव्हती. सिंफनी लिहिणाऱ्याला सत्तर-ऐंशी वादकांचा, नित्य सराव करणारा संच लागतो. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला होता. पण पगारी वादकांचा कायमस्वरूपी, पूर्ण व्यावसायिक वाद्यवृंद देशात कोठेही नव्हता. मुंबईच्या एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला तो २००६ मध्ये. म्हणजे ज्या वाद्यासाठी हा माणूस शिकून आला, ते वाद्य देशात येण्यास सत्तेचाळीस वर्षे लागली.

व्यापारी रक्ताचा माणूस अशा वेळी हात बांधून बसत नाही. जो माल खपतो तो तयार करतो. भाटिया यांनी जाहिरातींना संगीत देण्यास आरंभ केला. लिरिल साबण, गार्डन वरेली साड्या, ड्युलक्स रंग अशा कितीतरी मालांच्या जाहिराती त्यांच्या सुरांवर चालल्या. त्यांच्या जाहिरातगीतांची संख्या सात हजारांवर सांगितली जाते. मध्यंतरी १९६० ते १९६५ या काळात दिल्ली विद्यापीठात त्यांनी पाश्चात्त्य संगीतशास्त्राचे अध्यापनही केले. मग १९७४ मध्ये बेनेगल यांचा ‘अंकुर’ आला आणि त्यांना चित्रपटाचे दालन खुले झाले. ‘भूमिका’, ‘जुनून’, ‘कलयुग’, ‘मंडी’, ‘त्रिकाल’, ‘३६ चौरंगी लेन’, ‘जाने भी दो यारों’, दूरदर्शनवरील ‘तमस’ आणि ‘भारत एक खोज’ अशी ही मोठी यादी आहे. ‘तमस’साठी त्यांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री.

जे वाद्यवृंदसंगीत सभागृहात ऐकविता आले नाही, ते त्यांनी चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात, शीर्षकसंगीतात आणि अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीतही थोडे थोडे पेरले. त्यासाठी वादक मिळाले ते मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत. तेथे व्हायोलिन-चेलो हाती धरणाऱ्यांत गोव्याच्या वादकांचा वाटा मोठा होता. म्हणून भाटिया यांचे वाद्यवृंदसंगीत शोधणाऱ्याने या चित्रपटांच्या ध्वनिपट्टीपासून सुरुवात करावी.

ऐकावे कसे, हा खरा प्रश्न आहे. भारतीय कान एका सुरावटीच्या मागे जाण्यास सरावलेला असतो. तानपुऱ्याच्या आधारावर एक गायक राग उलगडतो आणि साथीदार त्याच्या मागोमाग जातात. पाश्चात्त्य वाद्यवृंदात मात्र दोन, तीन, चार सुरावटी एकाच वेळी चालतात आणि प्रत्येकीला स्वतःचे स्थान असते. या रचनातंत्राला काउंटरपॉइंट म्हणतात. नव्या श्रोत्याला तो गोंगाट वाटतो, कारण नेमके कोणाकडे लक्ष द्यावे हे त्याला कळत नाही.

पिंपरी-चिंचवडकराला हे समजण्यासाठी पॅरिसला जाण्याची गरज नाही. आषाढी वारीत तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामी येते. त्या वेळी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या माणसाला एक दिंडी पुढे सरकत असताना तिचा अभंग ऐकू येत असतो आणि तेवढ्यात मागच्या दिंडीचा दुसरा अभंग त्यात मिसळू लागतो. काही क्षण दोन्ही अभंग, दोन्ही टाळांचे ठेके एकाच वेळी कानावर पडतात. तरीही ऐकणारा हवा तो अभंग निवडू शकतो, मग दुसऱ्याकडे वळू शकतो. वारीत हा संगम आपोआप घडतो. काउंटरपॉइंटमध्ये संगीतकार तो क्षणाक्षणाचा हिशेब मांडून घडवितो. कोणती सुरावट केव्हा आत येईल, कोणती खाली उतरेल, कोठे दोघींची गाठ पडेल, हे सारे आधी कागदावर लिहिलेले असते. दुहेरी नोंदीच्या जमाखर्चात जशी प्रत्येक नावे रकमेसमोर जमा रक्कम उभी असते, तशीच येथे प्रत्येक वळणाला उत्तर देणारे दुसरे वळण असते.

ही कला भारतीय सुरावटींना लावताना एक अडचण उभी राहते. रागाला स्वतःचा स्वभाव असतो. त्याच्यावर दुसऱ्या सुरांचे ओझे घातले की तो स्वभाव बिघडतो. भाटिया यांच्या कामाचे मोल समजते ते येथे. सुरावटीचा देशी बाज राखून तिच्याभोवती अनेक स्वरांची रचना उभी करण्याची वाट ते शोधत राहिले.

याचे सर्वांत सहज उपलब्ध उदाहरण म्हणजे ‘भारत एक खोज’चे शीर्षकसंगीत. पंडित नेहरूंच्या ग्रंथावर आधारलेली त्रेपन्न भागांची ही मालिका १९८८-८९ मध्ये दूरदर्शनवर आली. आरंभी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त येते. मागोमाग वसंत देव यांनी केलेला हिंदी अनुवाद येतो. सृष्टीपूर्वी काय होते, असा प्रश्न विचारणारे हे सूक्त. या प्रश्नाला भाटिया यांनी एका गायकाचा मधुर आवाज दिला नाही. समूहाचा आवाज दिला. ते सूर मंद्रात सुरू होतात, एकावर एक थर चढतात आणि पठणाचे गांभीर्य कोठेही ढळत नाही. प्रश्न एका माणसाचा राहत नाही, तो साऱ्या समाजाचा होतो. ज्यांनी ते १९८८ मध्ये घरच्या दूरचित्रवाणी संचाच्या लहानशा स्पीकरवर ऐकले, त्यांच्यापर्यंत खालचे सूर नीट पोहोचलेच नसतील. आज भ्रमणध्वनीच्या स्पीकरवर ऐकणाऱ्याची गत त्याहून वाईट आहे. लहान स्पीकर खर्जाचे स्वर देऊच शकत नाही. तो वरची चाल तेवढी ऐकवितो. इमारतीचा पाया झाकून केवळ गच्ची दाखवावी, तसा हा प्रकार होय.

यासाठी एक साधी रीत सांगता येईल. चांगले हेडफोन किंवा बरा स्पीकर घ्यावा आणि तेच ध्वनिमुद्रण तीन वेळा ऐकावे. पहिल्या वेळी चाल ऐकावी. दुसऱ्या वेळी चाल मुद्दाम सोडून द्यावी आणि सर्वांत खालचा आवाज कोणता, तो केव्हा हलतो आणि केव्हा स्थिर राहतो, एवढेच पाहावे. तिसऱ्या वेळी मधले आवाज शोधावेत. तिसऱ्या आवर्तनानंतर तीच रचना पूर्वीपेक्षा मोठी वाटू लागते.

मग बाकीची ध्वनिमुद्रणे घ्यावीत. ‘मंथन’चे शीर्षकगीत आता वेगळे ऐकू येईल. पॅरिसला शिकून आलेल्या या संगीतकाराने तेथे आपली विद्या मिरविलेली नाही. लोकगीताच्या वळणाची चाल आणि एक मोकळा आवाज पुढे ठेवून वाद्यांचा भार त्याने बेताचा राखला. विद्या असून ती आवरती घेणे ही मोठी गोष्ट आहे. ‘३६ चौरंगी लेन’मध्ये कोलकात्यातील एकाकी अँग्लो-इंडियन शिक्षिकेच्या कथेला पाश्चात्त्य वळणाचे संगीत आहे. ‘त्रिकाल’मध्ये पोर्तुगीज अंमलाच्या अखेरच्या दिवसांतील गोवा आहे. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या मराठी आत्मकथनावर आधारलेल्या ‘भूमिका’त जुन्या चित्रपटांच्या जमान्यातील गाण्यांचे ढंग त्यांनी पुन्हा उभे केले. ‘कलयुग’ तर भोसरी-चाकणच्या वाचकाने अवश्य पाहावा, कारण त्यात दोन उद्योजक घराण्यांच्या स्पर्धेतून महाभारत उभे राहते. यांशिवाय म्युझिक टुडे या संस्थेने १९९० च्या दशकात पंचमहाभूतांवर ध्वनिमुद्रणांची एक मालिका काढली होती. तिच्यातील पृथ्वीतत्त्वाचा भाग भाटिया यांचा आणि आणखी एक भाग पुण्याचे भास्कर चंदावरकर यांचा. दोन्ही एकापाठोपाठ ऐकण्याजोगे आहेत.

येथवरचा हिशेब जमेचा झाला. खर्चाची बाजू निराळी आहे. भाटिया यांनी मैफलीसाठी लिहिलेल्या रचनांत पियानोसाठी ‘फँटेसिया अँड फ्यूग इन सी’, तंतुवाद्यांच्या संचासाठी ‘सिंफोनिया कॉन्चेर्टांते’ आणि ‘सिक्स सीझन्स’ ही गीतमाला या ठळक आहेत. गिरीश कर्नाड यांच्या ‘अग्निवर्षा’ नाटकावरील ऑपेराचा काही भाग २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सादर झाला. जानेवारी २०१९ मध्ये विख्यात चेलोवादक यो-यो मा यांनी मुंबईत त्यांची ‘रेव्हरी’ वाजविली. परंतु ज्याच्या घरी ‘मंथन’चे गीत रोज वाजते, त्याला यांतील किती रचना ठाऊक असतात? स्वरलिपीचा कागद म्हणजे संगीत नव्हे. तो वाजवावा लागतो, वाजविलेले मुद्रित करावे लागते आणि मुद्रित केलेले जपावे लागते. या तीन पायऱ्यांतील प्रत्येकीला पैसा लागतो.

संगीतकाराच्या पदरी काय पडे, हेही पाहावे. त्या काळी चित्रपटाचे किंवा जाहिरातीचे काम बहुधा एकरकमी मोबदल्यावर होई. पैसे मिळाले की खाते बंद. गीत पुढे पन्नास वर्षे वाजले तरी रचनाकाराच्या नावे त्यातून काही जमा होईलच असे नसे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, चित्रपटासाठी मोबदला घेऊन संगीत केले असेल आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर त्या संगीताच्या हक्काचा पहिला मालक निर्माता होय. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडून कलावंतांच्या हक्कांकडे कायदेमंडळाने लक्ष द्यावे असे सुचविले. ते लक्ष जाण्यास पस्तीस वर्षे लागली. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेर होणाऱ्या वापराच्या स्वामित्वधनात गीतकार आणि संगीतकार यांचा समान वाटा राखला गेला आणि तो करार करूनही सोडून देता येणार नाही, अशी तरतूद झाली. त्याच वर्षी भाटिया यांना पद्मश्री मिळाली. वय चौऱ्याऐंशी. आयुष्यभराचे बहुतेक काम त्याआधीच, जुन्या रिवाजाने झालेले होते.

२०१९ मध्ये त्यांच्या आर्थिक ओढाताणीच्या बातम्या वृत्तपत्रांतून आल्या. घरातील वस्तू विकण्याची वेळ आल्याचे वाचून अनेकांना धक्का बसला. मदत पुढे आली, संगीतकारांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेनेही हात दिला. ७ मे २०२१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्याच्या सुरांवर साबण, साड्या आणि रंग विकले गेले, त्याच्या म्हातारपणी खात्यावर शिल्लक उरली नाही, ही गोष्ट व्यापारी समाजाने इतरांपेक्षा अधिक विचारात घ्यावी अशी आहे. त्यात कोणा एकाची लबाडी होती असे मुळीच नाही. सारे व्यवहार रिवाजाप्रमाणे झाले. परंतु ज्या मालाचा उपयोग वर्षानुवर्षे होत राहतो, त्याची किंमत एकदाच चुकवून खाते बंद करता येते का, हा प्रश्न रिवाजाने सुटत नाही.

या कथेत एक नोंद मात्र समाधानाची आहे आणि तिचा संबंध थेट पुण्याशी येतो. ‘मंथन’ हा चित्रपट गुजरातमधील पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला होता. जवळजवळ अर्धशतकानंतर फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याचे जीर्णोद्धारित रूप तयार केले आणि २०२४ मध्ये कान महोत्सवात ते दाखविले गेले. त्यासाठी मूळ कॅमेरा-निगेटिव्ह वापरले गेले ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेले. ध्वनी मात्र फाउंडेशनकडे राहिलेल्या पस्तीस मिलिमीटरच्या एका प्रदर्शन-प्रतीवरून उतरवून घ्यावा लागला. आज स्वच्छ ऐकू येणारे ते संगीत जपून ठेवलेल्या अशा एका प्रतीच्या आधारावर नव्या पिढीपर्यंत आले. आणि या जीर्णोद्धाराचा खर्च कोणी केला? दूधउत्पादकांच्या त्याच सहकारी महासंघाने. दोन रुपये देणाऱ्यांच्या संस्थेने पन्नास वर्षांनी आपल्या चित्रपटाचे खाते पुन्हा उघडले आणि बाकी भरली. पैशाने कला विकत घेता येते, हे सर्वांना ठाऊक आहे. पैशाने कला जपताही येते, हे या उदाहरणाने दाखविले.

पिंपरी-चिंचवडच्या व्यापाऱ्याला यातून काही करता येईल का? येईल, आणि त्यासाठी मोठे दान लागत नाही. घरात जुन्या ध्वनिफिती, तबकड्या, ध्वनिमुद्रित कार्यक्रम पडले असतील तर ते रद्दीत देण्यापूर्वी कोणत्या संग्रहाला उपयोगी पडतील याची चौकशी करावी. आवडलेले संगीत अधिकृत मार्गाने, पैसे देऊन ऐकावे. महिन्याची ती रक्कम चहाच्या बिलापेक्षा कमी असते. दुकानाच्या किंवा कारखान्याच्या समारंभात गाणी वाजविताना परवान्याची रक्कम चुकवू नये, कारण त्यातील वाटा रचनाकारापर्यंत जातो. आणि आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी एखाद्या तरुण संगीतकाराला बोलाविलेच, तर करारात पुढील वापराचे कलमही घालावे. मालाच्या वाहतुकीचा करार जितक्या बारकाईने वाचला जातो, तितक्याच बारकाईने हाही वाचावा.

पण सर्वांत पहिले देणे पैशाचे नाही, ते लक्ष देण्याचे आहे. भोसरीच्या अनेक कारखान्यांत गुरुवारी यंत्रे विसावतात. त्या शांततेत पंधरा मिनिटे काढून ‘भारत एक खोज’चे शीर्षकसंगीत तीन वेळा ऐकावे: एकदा चालीसाठी, एकदा खर्जासाठी, एकदा मधल्या सुरांसाठी. घरातील मुलांना शेजारी बसवावे आणि शेवटी त्यांना संगीतकाराचे नाव सांगावे. जुन्या खतावणीत नाव नसलेली रक्कम कोणाच्याच खात्यावर जमा होत नाही. सुरांचेही तसेच आहे.